स्लीपरचे चार तुकडे

पोरा, तुला बकेट गाडीवर घेतल्याचं वहिनीने सांगितलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. सोमवारी तू धुळ्याला रुजू होशील. त्याआधी माझ्याजवळ घटकाभर बस.

भुसावळपासून शिरपूरपर्यंत मी ठेकेदारांच्या टोळ्यांतून तारा ओढल्या. आधी बांबूची शिडी आणि कमरेचा दोर, शेवटची काही वर्षं बकेट. दोन्हींतला फरक मला अंगाने ठाऊक आहे. खांबावर चढताना पोटऱ्या भरून येतात, दोर करकचतो, माणूस आपसूक सावध राहतो. बकेटमध्ये तसं काही होत नाही. लिव्हर ढकलला की माणूस वर. कठड्याला टेकून उभं राहिलं की घराच्या धाब्यावर उभं असल्यासारखं वाटतं. भीती वाटत नाही, म्हणून जी सावधगिरी अंग स्वतःहून बाळगायचं ती आता तुला मुद्दाम बाळगावी लागेल.

नवा माणूस गाडीतून उतरला की पहिल्यांदा वर बघतो, दिवा कुठे, तार कुठे. तू खाली बघ. आपली काळी माती तुला शेतातून माहीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगते, आणि पावसाने उघडीप दिली, दोन दिवस ऊन पडलं, की वर पापडी धरते. ती पापडी फार फसवी. अमळनेरच्या रस्त्याला एकदा जुलै महिन्यात आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गाडी टेकवायचे दोन जॅक डांबरावर, दोन साइडपट्टीच्या मातीवर. माती बुटाने ठोकून बघितली, टणक लागली. बकेट उचलणारी बूम शेताच्या बाजूला वळवली आणि मातीवरचा मागचा जॅक वीतभर खाली गेला. खाली वीतभर म्हणजे वर बकेटमध्ये किती, याचा विचार कर. मी खांबाच्या दिशेने असा झुललो की हातातला पाना सुटून शेतात पडला. खालच्या माणसाने घाई न करता बूम हळूहळू गाडीच्या माथ्यावर आणली, म्हणून मी आज तुझ्याशी बोलतोय. माती बुटाने ठोकून बघणारा मीच होतो. चूक माझी होती.

यातला हिशोब समजून घे. बूम एका बाजूला लांब काढली की गाडीचा बहुतेक भार त्या बाजूच्या जॅकवर येतो. गाडी आठ टनांची असेल तर एका जॅकवर चार टनही येऊ शकतात. जॅकचं लोखंडी पाऊल जेमतेम आठ इंचांचं. त्याखाली दोन फूट बाय दोन फुटांचा लाकडी पाट ठेवला की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. म्हणून त्या दिवसानंतर मी भुसावळहून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळवले, कापून घेतले, दोन-दोन शेजारी ठेवून पट्टीने जोडले. पुढे कुठल्याही गाडीवर गेलो तरी ते चार तुकडे माझ्याबरोबर असायचे. लोक म्हणायचे, हा माणूस बायकोपेक्षा लाकडं सांभाळतो. म्हणू देत.

शेतातल्या मातीपेक्षा शहरातली माती जास्त दगा देते. जळगावात अमृत योजनेच्या पाइपांसाठी रस्ते खोदले गेले, चर बुजवून वर खडी-डांबर झालं. वरून रस्ता एकसारखा दिसतो, खाली चराची माती भुसभुशीतच राहिलेली असते. डांबराचा रंग जिथे पट्ट्यासारखा बदलतो, तिथे जॅक ठेवू नकोस. गटाराच्या फरशीवर तर कधीच नाही. जागा नसेल तर गाडी दहा फूट पुढे-मागे कर, तेही जमत नसेल तर आज काम नाही म्हणून सांग. चारही जॅक बसल्यावर पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला का बघ, चाकांना उटी लाव, हँडब्रेक बघ. आणि काम चालू असताना खालच्या माणसाने दर थोड्या वेळाने चारही जॅकभोवती एक फेरी मारायची. माती एकदम खचत नाही, आधी पाटाच्या कडेला भेग दिसते.

खालच्या माणसाबद्दल आता सांगतो, कारण या धंद्यात त्याला सगळ्यात कमी मोल देतात. नव्या पोराला, नाहीतर ज्याला काहीच येत नाही त्याला खाली उभं करतात. उलट असायला हवं. धरणगावच्या बाजूला मे महिन्यात माझी बकेट दहा मीटरवर असताना इंजिन बंद पडलं. खाली जो होता त्याला इमर्जन्सी हँड पंप कुठे आहे हेच माहीत नव्हतं. आपल्याकडचा मे तुला सांगायला नको. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा बकेटच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. दुसऱ्या गावाहून माणूस येईपर्यंत दोन तास मी वर उभा होतो. पाण्याची बाटली खाली केबिनमध्ये. उतरलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. त्यानंतर माझा नेम ठरला. रोज सकाळी पहिली फेरी रिकाम्या बकेटची. आधी खालच्या लिव्हरने वर नेऊन खाली आणायची, मग इंजिन बंद करून हँड पंपाने खाली आणायची. जो हे करून दाखवेल तोच आज खाली उभा राहील. पाच मिनिटं लागतात. मुकादम ओरडला तर ओरडू दे.

वर-खाली बोलण्याचे शब्दही आधी ठरवून घे. टोळीत कोणी अहिराणी बोलतो, कोणी हिंदी, शिरपूरकडे कोणी पावरी. "वर", "खाली", "डावीकडे", "उजवीकडे" एकानेच सांगायचं, आणि डावी म्हणजे बकेटमधल्या माणसाची डावी. "थांब" मात्र कोणीही म्हणू शकतो, चहा घेऊन आलेला पोरगासुद्धा. थांब ऐकलं की लिव्हर सोडायचा, का ते नंतर विचारायचं.

आता विजेचं. इथे कान नीट दे.

लाइन बंद आहे, हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलं. "लाइन बंद शे ना भो?" "शे, शे, चढ." त्या "शे"वर चढलेली माणसं मी पाहिली आहेत, सगळी उतरली नाहीत. लाइन बंद आहे हे कोणाच्या तोंडून कळत नसतं. ते चार गोष्टींनी कळतं. सबस्टेशनमधून फीडरचं नाव सांगून घेतलेलं परमिट, ज्याच्या नावावर नोंद झाली त्याच माणसाकडे. एबी स्विचचे तिन्ही ब्लेड उघडे झालेले डोळ्यांनी बघितलेले, कारण हँडल खाली आलं तरी एखादं ब्लेड चिकटून राहतं. डिटेक्टर आधी चालू लाइनजवळ वाजतो का बघून मग आपल्या लाइनवर धरलेला. आणि शेवटी कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग: डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीकडे जोडायची, मग तारेला, काढताना उलट, आधी तारेची, मग जमिनीची. हे चारही झाल्याशिवाय ती लाइन माझ्यासाठी जिवंत होती.

कोणी विचारेल, स्विच उघडला, मग अर्थिंग कशाला? आपल्याकडे एकाच खांबावर, नाहीतर एकमेकांवरून, गावठाणाचा आणि शेतीचा फीडर गेलेला असतो. एक बंद, दुसरा चालू. शेतीची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, पाळी बदलायची वेळ तुझ्या कामात येऊ शकते. लग्नाच्या मंगल कार्यालयात जनरेटर लावतात, कोणी उलटा जोडला तर वीज घरातून लाइनवर येते, आणि रोहित्रातून उलटी गेली तर पुढे ११ केव्ही होऊन उभी राहते. आता घराघरांच्या धाब्यावर सोलर आलं. लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद व्हायला हवा, चांगले इन्व्हर्टर होतातही. पण तू त्यांच्या भरवशावर हात घालू नकोस. अर्थिंग असेल तर वीज कुठूनही आली तरी ती जमिनीत जाते.

परमिट परत करण्याचंही तितकंच. एका लाइनवर दोन टोळ्या असतील तर दोन परमिट, आणि दोन्ही परत आल्याशिवाय लाइन चालू नाही. "आमचं झालं, त्यांचंही झालंच असेल" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

आणि न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही, असं तुला कोणीतरी नक्की सांगेल. तुटलेल्या न्यूट्रलच्या घराकडच्या टोकाला पूर्ण २३० व्होल्ट उभे असू शकतात.

रस्त्यावरच्या दिव्याचं काम असेल, लाइन बंदच केलेली नसेल, तर बूम, बकेट, तुझा हात आणि हातातलं हत्यार यांपैकी काहीही ११ किंवा ३३ केव्हीच्या तारेच्या तीन मीटरच्या आत जाता कामा नये. हे अंतर नुसत्या नजरेवर सोडू नकोस. खालून वर बघताना तार लांब दिसते, वर गेल्यावर जवळ येते. शिवाय दुपारच्या उन्हात तार तापून लांबते आणि सकाळपेक्षा खाली झुकते. रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्ही तारेची नियमाने उंची ६.१ मीटर असायला हवी, पण खांब कलला की ते गणित राहत नाही. बूमला कोपर असेल तर ते तुझ्या पाठीमागे वर सरकतं. तू समोर दिव्याकडे बघत असतोस आणि मागे कोपर तारेकडे जात असतं. ते बघणं खालच्या माणसाचं काम, आणि बूम हलत असताना त्याने दुसरं काहीही करायचं नाही, मोबाइल तर नाहीच.

एक मोठा गैरसमज काढून टाक. गाडीला रबराचे टायर आहेत म्हणून वीज लागत नाही असं ड्रायव्हर लोक म्हणतात. तुझे चार लोखंडी जॅक जमिनीत रोवलेले आहेत, मग टायरचं काय घेऊन बसलास? बहुतेक दिव्याच्या गाड्यांची बूम साध्या लोखंडाची असते. फायबरची इन्सुलेटेड बूम असली तरी ती तुला फक्त जमिनीपासून वेगळं करते. बकेटमधून तू एका हाताने फेज आणि दुसऱ्याने खांब धरलास तर फायबर काय करणार?

बूम तारेला लागलीच, तर काय करायचं ते आताच ठरवून ठेव. पोळ्याच्या सुमारास, ओल्या शेतात, खांबातून वीज उतरलेली असताना बैल कोसळतो आणि शेजारी उभा शेतकरी वाचतो, असं आपण ऐकत आलो. त्यामागे देवाची करणी नाही. वीज जमिनीत पसरताना खांबापासून दर पावलाला दाब कमी होत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दोन हातांपेक्षा जास्त अंतर, तेवढा फरक त्याच्या छातीतून जातो. माणसाचे पाय जवळ असले की फरक थोडा. गाडीत वीज आली की तीच गोष्ट गाडीभोवतीच्या जमिनीची होते. म्हणून केबिनमधला केबिनमध्येच बसेल, बकेटमधला बकेटमध्ये. खालच्याने गाडीला हात लावायचा नाही, दहा मीटर लांब जायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि सबस्टेशनला फोन करायचा. तो नंबर काचेवर रंगाने लिहून ठेव, मोबाइलमध्ये शोधत बसू नकोस. गाडीला आग लागली तरच उतरायचं, आणि तेही उडी मारून, दोन्ही पाय एकदम टेकतील अशी. एक हात दाराला आणि एक पाय जमिनीवर असं क्षणभरही व्हायला नको. मग पाय जुळवून छोट्या-छोट्या उड्या मारत लांब जायचं. हे अंगणात करून बघ. हसतील लोक. तरी करून बघ.

बाकीचं भराभर सांगतो. पट्टा अंगभर घालायचा, नुसता कमरेचा नाही, आणि त्याचा हूक बकेटच्या कडीत, शेजारच्या खांबाला कधीच नाही; बकेट हलली आणि तू खांबाला बांधलेला, तर ती तुला ओढून काढेल. पाय बकेटच्या तळावर. कठड्यावर चढायचं नाही, आत स्टूल ठेवायचं नाही. पाटीवर २०० किलो लिहिलं असेल तर त्यात दोन माणसं, हत्यारं आणि दिव्याचा लोखंडी ब्रॅकेट सगळं धरायचं. पावसाळ्याआधी कडुनिंबाच्या फांद्या तोडायच्या असतील तर बकेट फांदीच्या खाली कधी नाही, आणि तणावात वाकलेली फांदी एकदम कापायची नाही, आधी खालून थोडी खाच दे. करवतीने तारेजवळची फांदी तोडताना लाइन बंदच हवी, ओल्या फांदीतून वीज वाहते.

बूमच्या होजमधून तेल फवारताना दिसलं तर बोटाने चाचपू नकोस. दिसायला बारीक धार असते, पण कातडीतून आत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तो दवाखान्याचाच मामला. पुठ्ठा धरून बघ.

वाऱ्याचं मात्र थांबून सांगतो. मे-जूनमध्ये रावेर-यावलला केळीच्या बागा ज्या वावटळीने आडव्या होतात, ती यायला पाव तास पुरतो. पश्चिमेला आभाळ तांबूस-काळं झालं, धुळीचा वास आला, की बकेट खाली. गाडीच्या पाटीवर वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याच गाड्यांवर ती सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. तुझ्याकडे वारा मोजायचं यंत्र नसेल. झाडाच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या की थांब. आणि वादळ गेल्यावर सगळं गाव अंधारात, लोक चिडलेले, साहेबांचे फोनवर फोन, तेव्हा तुझ्यावर सगळ्यात जास्त घाई येईल. पडलेल्या तारा, ओली माती, रात्र आणि जनरेटर, सगळं एकाच वेळी. त्या रात्री परमिट आणि अर्थिंग दोन्ही दोनदा बघ.

काम झालं की बूम तिच्या खोबणीत नीट बसवून पट्टा लाव, मग जॅक वर घे, मग गाडी हलव. क्रम चुकला की पुढच्या चौकात बूम दुसऱ्या कोणाच्या तारेत असते.

स्लीपरचे चार तुकडे मागच्या पडवीत आहेत, मी काल पुसून ठेवलेत. एकाची पट्टी सैल झाली होती, नवीन खिळे मारले. जड आहेत, एसटीत एकदम चारही घेऊन जाता येणार नाहीत. दोन सोमवारी ने, उरलेले दोन मी पुढच्या आठवड्यात आणून देतो.