आरोग्य पाठ : बरा न होणारा लाल डोळा

पावसाळ्यात पाड्यावर डोळ्यांची साथ आली की काय करायचे, हे आपल्या कार्यकर्त्यांना आता चांगले माहीत आहे. साध्या साथीत घरातल्या दोघा-तिघांचे डोळे येतात, बहुधा दोन्ही डोळे लाल होतात आणि एक-दोन आठवड्यांत बरे होतात. या पाठात आपण बरा न होणाऱ्या डोळ्याचा विचार करू. क्वचित असे घडते की डोळा सुजलेला व लाल दिसतो, पण मुळाशी कर्करोग असतो. असे रुग्ण थोडे असतात, मात्र उशीर झाला तर दृष्टी जाते आणि पुढे जीवही जाऊ शकतो.

फसगत का होते?
गाठीच्या पेशी सुटून डोळ्याच्या आतील पाण्यात तरंगतात. तपासताना त्या सुजेच्या पेशींसारख्याच दिसतात. गाठीचा काही भाग मृत झाला तर भोवती खरोखरच सूज येते. स्टेरॉइडच्या थेंबांनी ही सूज काही दिवस उतरते. ‘गुण आला’ असे वाटते, औषध थांबवले की त्रास परत सुरू होतो आणि त्यात महिने निघून जातात.

लहान मुले
पाच वर्षांखालील मुलांत डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होतो. त्याला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. सुमारे 15 ते 20 हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे ही त्याची मुख्य खूण. काही मुलांत आधी तिरळेपणा दिसतो, तर काहींत डोळा लाल होऊन पापण्या सुजतात आणि जंतुसंसर्ग झाला असे वाटते. अशा डोळ्यात सुई घालून पाणी काढल्यास कर्करोग डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असतो. म्हणून आधी बाहुली मोठी करून आतील तपासणी व सोनोग्राफी व्हायला हवी.

प्रौढ व वृद्ध
रांजणवाडीसारखी गाठ त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल किंवा एकाच पापणीची सूज हटत नसून तिथले केस गळत असतील, तर तो पापणीतील तेलग्रंथींचा कर्करोग असू शकतो. अशी गाठ काढली की तिचा तुकडा तपासणीला पाठवावाच.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वाढणारा लालसर किंवा पांढुरका उंचवटाही तसाच फसवतो. उन्हात वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना व एचआयव्ही असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो.

पन्नाशीनंतर नजर धूसर होणे, डोळ्यांपुढे ठिपके तरंगणे आणि आतील सूज औषधाने न हटणे, यामागे लिम्फोमा असू शकतो. तो मेंदूतही असू शकतो, त्यामुळे मेंदूचीही तपासणी करावी लागते.

आपण काय करावे?
1. मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक, नवा तिरळेपणा किंवा डोळा पुढे येणे दिसले तर थेंब घालून वाट पाहू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.
2. एकच डोळा लाल आहे, घरात दुसऱ्या कोणाला त्रास नाही आणि दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर थेंब बदलत बसू नये. रुग्णाला पुढे पाठवावे. वेदना फार असतील किंवा दिसणे कमी झाले असेल तर दोन आठवडेही थांबू नये.
3. कोणते थेंब, कधीपासून व किती दिवस घातले ते लिहून द्यावे. रिकाम्या बाटल्या सोबत पाठवाव्यात.
4. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की शंका असलेले मूल आवर्जून दाखवावे. पथक लवकर येणार नसेल तर त्याची वाट पाहू नये.
5. रेटिनोब्लास्टोमा ठरला तर त्या मुलाच्या लहान भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत, कारण काही घरांत तो आनुवंशिक असतो.

घरच्यांशी बोलताना
लवकर निदान झाले तर लेसर, शीत उपचार व औषधांनी अनेकदा डोळा वाचतो. उशीर झालेला असेल तर डोळा काढावा लागतो. ‘डोळा काढणार’ हे ऐकून काही पालक मुलाला घेऊन परत जातात आणि भगताकडे फेऱ्या सुरू होतात. त्यांच्यावर रागावू नये. गाठ डोळ्याच्या नसेवाटे मेंदूकडे जाते आणि डोळा काढल्याने मूल वाचते, हे त्यांच्या बोलीत, सावकाश, आजी-आजोबांसमोर सांगावे. नंतर कृत्रिम डोळा बसवता येतो, मूल शाळेत जाते, खेळते, हेही सांगावे.

खर्चाची काळजी मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत घ्यायला सांगावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या आजाराचे उपचार होतात. शक्य असेल तर पहिल्या खेपेला आपल्यापैकी कोणीतरी सोबत जावे. अनोळखी शहराच्या भीतीने अर्ध्या वाटेवरून परतणारे कुटुंब सोबतीच्या आधाराने रुग्णालयापर्यंत पोहोचते.