टिळक रोड म्हणजे नेमकं कुठे?

पुण्यात शाळकरी पोराला 'कुठल्या शाळेत रे?' असं विचारलं की तो 'रमणबागेत' म्हणतो, नाहीतर 'टिळक रोडला' म्हणतो. शाळेचं नाव कुणी घेत नाही, कारण ते घेऊन उपयोग नसतो. दोन्ही शाळा न्यू इंग्लिश स्कूल, दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आज त्या नावाची एक शाळा शनिवार पेठेत रमणबागेत आहे आणि दुसरी सदाशिव पेठेत टिळक रोडवर. पुणेकराला यात काहीच अवघड वाटत नाही. अडतो तो बाहेरगावाहून येणारा, आणि त्यातही परीक्षेला येणारा.

माझा भाचा बार्शीचा. एका भरतीच्या लेखी परीक्षेसाठी तो रात्रीच्या एसटीने निघाला आणि सकाळी स्वारगेटला उतरला. घरी ये, चहा घे, मी सोडतो, असं मी आदल्या दिवशी फोनवर म्हटलं होतं. पण मामाला कशाला त्रास, म्हणून पठ्ठ्या परस्पर केंद्रावर निघाला. हॉल तिकीट चार घड्या घालून खिशात ठेवलेलं. घडी अशी पडली होती की वरच्या बाजूला फक्त शाळेचं नाव दिसावं. खालची ओळ, म्हणजे टिळक रोड, सदाशिव पेठ, ती आत गेलेली. रिक्षावाल्याला त्याने वरचं नाव वाचून दाखवलं. रिक्षावाल्याने आपल्या परीने खात्रीही केली, "दादा, रमणबागच ना?" शहर नवं, समोरचा माहीतगार. याने मान डोलावली.

यात टोचणारी गोष्ट अशी की टिळक रोड स्वारगेटपाशीच सुरू होतो. उतरला तिथून तो पाठीवरची सॅक घेऊन चालत गेला असता तरी वेळेत पोचला असता. त्याऐवजी रिक्षा पेठांमधून थेट शनिवारवाड्याच्या बाजूला गेली. रमणबागेच्या फाटकावरच्या रखवालदाराने कागदाची घडी उलगडली, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे टिळक रोडचं आहे, इथलं नाही." तोवर रिक्षा निघून गेली होती. दुसरी मिळेपर्यंत, एकेरी रस्त्यांचे फेरे घालून तिकडे पोचेपर्यंत प्रवेशाची वेळ टळली. फाटक बंद. मला फोन आला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता. "मामा, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," एवढंच बोलला.

पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. रिक्षावाल्यालाही नाही, कारण अर्ध्या पुण्याने तेच केलं असतं. खरी गोम अशी की आपण पुणेकर टिळक रोड हा पत्ता म्हणून सांगतो, आणि तो पत्ता नाही. तो एक लांबलचक रस्ता आहे. एका टोकाला अलका टॉकीजचा चौक, ज्याचं अधिकृत नाव टिळक चौक. दुसऱ्या टोकाला स्वारगेटचा चौक, ज्याच्या पाटीवर केशवराव जेधे यांचं नाव. मध्ये १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद, टिळक स्मारक मंदिर, १९१६ चं स. प. महाविद्यालय, महाराष्ट्रीय मंडळ, बादशाही बोर्डिंग. शिवाय ग्राहक पेठ, जी पेठ नव्हेच, दुकान आहे. नवख्याला सदाशिव, नारायण, शनिवार अशी यादी ऐकवून मग ग्राहक पेठ म्हटलं, तर तो नकाशात ती पेठ शोधत बसणार.

गोंधळ इथेच थांबत नाही. टिळकांचं नाव असलेलं सगळं टिळक रोडवर असेल, असं बाहेरच्याला साहजिकच वाटतं. टिळकांचा स्वतःचा वाडा, म्हणजे केसरीवाडा, नारायण पेठेत. १९२१ मध्ये स्थापन झालेलं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ मुकुंदनगर-गुलटेकडीकडे. टिळक टँक, म्हणजे पोहण्याचा तलाव, थेट नदीपलीकडे डेक्कनच्या बाजूला. मंडईतला पुतळा मंडईत. यातलं एकही टिळक रोडवर नाही.

म्हणून परीक्षेला, मुलाखतीला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की हॉल तिकिटाची घडी अशी घाला की पत्त्याची शेवटची ओळ वर राहील. रिक्षात बसताना संस्थेचं नाव शेवटी सांगा. आधी पेठ, मग रस्ता, मग जवळची खूण. 'सदाशिव पेठ, टिळक रोड, एस. पी. कॉलेजच्या बाजूला' म्हटलं की रिक्षावाला रमणबाग काढणार नाही. त्याने उलट प्रश्न केला तर मान हलवू नका, कागद त्याच्या हातात द्या. आणि जमलं तर आदल्या संध्याकाळी केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन या. नातेवाईक पुण्यात असेल तर त्याला त्रास द्याच. त्याचा त्याला आनंदच होतो.

मोबाईलवरच्या नकाशात न्यू इंग्लिश स्कूल एवढंच टाकलं तर पहिला दिसेल तो बिंदू तुमचाच, असं धरून चालू नका. पूर्ण नाव, रस्त्यासकट टाका आणि बिंदूखालचा पत्ता कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

पिन कोड बघा, असंही लोक सांगतात. त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही, हे मात्र माहीत हवं. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे लेखक. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांचा घोळ सुटावा, हाच हेतू होता. टिळक रोड डोंबिवलीला आहे, घाटकोपरला आहे. तिथे पिन कोड चोख काम करतो. डोंबिवली पूर्व ४२१२०१, घाटकोपर पूर्व ४०००७७, पुण्याचा हा भाग ४११०३०. पार्सल पाठवताना तेवढे सहा आकडे बरोबर असले की ते भलत्या गावी जात नाही. पण पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार या तिन्ही पेठा ४११०३० मध्येच येतात. रमणबाग आणि टिळक रोड या दोन शाळांत पिन कोड फरक करत नाही. तिथे पेठेचं नावच कामाला येतं.

मुंबईचा प्रकार वेगळा. लोकमान्य टिळक मार्ग क्रॉफर्ड मार्केटजवळ. त्याच रस्त्यावरच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचं निधन झालं. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याला. लोकमान्य टिळक रुग्णालय सायनला, आणि त्याला सगळी मुंबई सायन हॉस्पिटल म्हणते. टिळक पूल दादरला. गावाहून पेशंट घेऊन येणाऱ्याच्या चिठ्ठीवर रुग्णालयाचं पाटीवरचं नाव असतं आणि टॅक्सीवाल्याला ठाऊक असतं ते बोलीतलं. पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून द्यावीत. घाईच्या वेळी तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

शेवटी यजमानांसाठी. माझ्याकडे पुस्तक प्रकाशनांच्या पत्रिका येतात, त्यावर 'माधवराव पटवर्धन सभागृह, टिळक रोड' एवढंच छापलेलं असतं. हे सभागृह साहित्य परिषदेच्या इमारतीत आहे, हे नेहमीच्या मंडळींना पाठ, नव्याला कसं कळावं? परिषदेचं नाव घालायला एक ओळ लागते, ती घाला. अलका टॉकीजकडून येणाऱ्याला आणि स्वारगेटकडून येणाऱ्याला इमारत कोणत्या हाताला लागेल, तेही लिहा. आणि कार्यक्रम गणेशोत्सवात, त्यातही विसर्जनाच्या आगेमागे ठेवणार असाल, तर टिळक रोड हा मिरवणुकीचा रस्ता आहे, हे पत्रिकेवर ठळक छापा. त्या दिवशी रिक्षा तिथवर येणार नाही. पाहुण्यांनी कुठे उतरून चालत यायचं, ते यजमानानेच सांगायला हवं.