जखम भरली, पुढे काय?

नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, कामगाराची जखम बरी झाली, औषधपाण्याचा खर्चही मालकाने दिला, मग नुकसानभरपाई कशाची?” प्रश्न मार्मिक होता, आणि घंटा झाल्यामुळे उत्तर अपुरे राहिले. ते येथे पुरे करीत आहोत.

कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, असा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुढे त्यातील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आल्या. या कायद्याने मोजली ती वेदना नव्हे. मोजली ती कामगाराची गमावलेली कमाईची शक्ती. जखम भरते, पण तुटलेला अंगठा परत येत नाही.

कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे कोष्टकच होते. दोन्ही हात गेल्यास हानी १०० टक्के, एका हाताचा अंगठा गेल्यास ३०, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४. अंगठ्याला तर्जनीच्या दुपटीहून अधिक मोल का, हे ज्याला कळत नसेल त्याने अंगठा मिटून कोयता धरून पाहावा!

आता थोडे गणित करू. पूर्ण व कायम अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. पंचविशीतील कामगारासाठी हा गुणक २१६.९१, तर चाळिशीतील कामगारासाठी १८४.१७, कारण तरुणाची कमाईची वर्षे अधिक बुडतात. समजा, ४० वर्षांच्या कामगारास दरमहा १०,००० रुपये मिळतात व यंत्रात त्याचा अंगठा गेला. ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२० रुपये. त्याचे ३० टक्के ३,३१,५०६ रुपये.

परंतु कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे. १९६८ साली ओडिशातील जेपूर येथे एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार खाली पडला व त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, एकच हात गेला, तेव्हा अपंगत्व अंशतःच मानावे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्या माणसापुरते अपंगत्व पूर्णच, असा निर्णय झाला. भरपाई देण्यात दिरंगाई केल्याबद्दलचे व्याज व दंडही कायम राहिले. गायकाचा एक हात आणि सुताराचा एक हात, दोन्ही हातच. पण पोट भरण्याच्या दृष्टीने किती अंतर!

घरातील वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अपघातानंतर थोडी रक्कम हाती ठेवून ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेण्याचा प्रकार घडतो. अशा कागदाने कायद्याचा हक्क बुडत नाही. मात्र अपघाताची खबर मालकास ताबडतोब लेखी द्यावी, आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा.