माथेरान, जेवणासकट: चौघांचा दोन रात्रींचा हिशेब

माथेरानच्या हॉटेलांत दर विचारला की तो बहुधा माणशी सांगतात. दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता, ‘सगळं धरून’. लहान मुलं बरोबर असतील तर ही पद्धत खरंच सोयीची. भर दुपारी भुकेलेल्या पोरांना घेऊन टेबल शोधत हिंडावं लागत नाही. मात्र हे ‘सगळं’ हॉटेलच्या फाटकापर्यंतच असतं, आणि माथेरानात पैसे सुटतात ते फाटकाबाहेर.

आधी आतलं बघू. हॉटेलवाल्याला पहिला प्रश्न मुलांच्या वयाचा करा. बऱ्याच ठिकाणी पाचेक वर्षांपर्यंत फुकट, त्यापुढे बारापर्यंत सवलतीचा दर आणि नंतर पूर्ण माणूस, अशी रीत असते. पण ही वयं हॉटेलागणिक बदलतात. सवलतीच्या दरात गादी मिळणार की मूल आईबापांच्या पलंगावरच झोपणार, हेही विचारून घ्या. जमलं तर उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा.

आता आकडे. हे दर केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. माणशी रोज २,५०० रुपये, नऊ वर्षांच्या मुलीला साठ टक्के म्हणजे १,५०० आणि चार वर्षांचा मुलगा फुकट. रोजचे ६,५०० झाले. जीएसटी ५ टक्के धरून दोन रात्रींचे १३,६५०.

हेच मे महिन्यात माणशी ३,५०० झालं तर रोजचे ९,१०० होतात, आणि इथे गंमत सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीमागे रोज ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. जेवण आणि खोली एकाच पॅकेजात बिलावर आली तर सगळ्या रकमेवर १८ टक्के लागतो. दोन रात्रींचे २१,४७६. दर चाळीस टक्क्यांनी वाढला, बिल मात्र सत्तावन्न टक्क्यांनी.

आजी-आजोबाही येणार असतील तर ‘मोठी फॅमिली रूम देतो’ या आग्रहाला लगेच हो म्हणू नका. २,५००च्याच दराने सगळे एका खोलीत राहिले तर रोजचे ११,५०० आणि त्यावर कर २,०७०. त्याच दरात दोन खोल्या मिळाल्या, तर बिलं ५,००० आणि ६,५०० अशी होतात आणि कर मिळून फक्त ५७५. शिवाय आजोबांना रात्री झोप मिळते, ते वेगळंच.

आता फाटकाबाहेर. आपली मोटार गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यालाच थांबते. तिथे पार्किंगचे पैसे दिवसागणिक, आणि पुढे नगरपरिषदेचा प्रवेश कर. दस्तुरीपासून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर आहे. दस्तुरीला लागूनच असलेल्या अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी सुटते. मुलांसाठी ही सर्वांत स्वस्त मौज. ई-रिक्षा मोजक्या आहेत, रांग लागते. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला, तेव्हा जुन्या माहितीवर तो खर्च मांडू नका. उरतात घोडा, हमाल आणि पाय. ‘गाडी बंद आहे, घोडाच घ्या’ असं कोणी सांगितलं तर आधी स्टेशनच्या खिडकीपर्यंत जाऊन या. पर्यटकांच्या अशा दिशाभुलीवरून मार्च २०२५मध्ये गावाने बंदही पाळला होता. घोड्याचा भाव चढण्याआधी ठरवा: किती पॉइंट, किती वेळ, आणि तो भाव एका घोड्याचा की फेरीचा.

सामान खांद्यावरच्या पिशव्यांत मावेल एवढंच न्या. चाकांची बॅग लाल मातीच्या दगडाळ रस्त्यावर ओढवत नाही, मग हमाल लागतोच.

नेरळहून वर येणारी छोटी गाडी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते. शटल मात्र बहुधा चालू राहते. पावसाळ्यात दर उतरतात. पण धुक्यात पॉइंट दिसत नाहीत आणि कड्याशी लहान मूल सांभाळणं जिवावर येतं. माझं मत विचाराल तर दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, शनिवार-रविवार टाळून जा. शाळेची एखादी रजा पडली तरी चालेल.

एक गोष्ट हमखास राहून जाते. पॅकेज दुपारच्या जेवणाने सुरू होतं, तेव्हा उशिरा पोहोचलात तर ते जेवण बुडतं. त्याऐवजी शेवटच्या दिवशी जेवण किंवा बांधून डबा मिळेल का, हे बुकिंग करतानाच ठरवा. खोली बहुतेक ठिकाणी सकाळीच सोडावी लागते आणि परतीची गाडी दुपारची असली तर मधल्या वेळेत मुलांचं खाणं, सामान ठेवायची जागा आणि दस्तुरीपर्यंतचं भाडं हे सगळं आपल्याच खिशातून जातं.