त्या गावाने नकार दिला तेव्हा

वाचनासाठी : लूक ९:५१-५६, प्रेषितांची कृत्ये ८:१४-२५



होळीच्या अगोदर धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्हाला स्पष्ट नकार मिळाला. अंगणात खाट टाकली, पाणी दिले, पण आम्ही प्रभूविषयी बोलू लागताच घरातले म्हातारे बाबा म्हणाले, "आमची याहामोगी आम्हाला पुरे आहे. पाणी प्या आणि जा, दादा." आवाज चढलेला नव्हता. तरी परतीच्या वाटेवर मी सहकाऱ्याला म्हणालो, "पायांची धूळ झटक. पुढच्या औषधांच्या फेरीत हा पाडा नको."

धूळ झटकण्याचे वचन (लूक ९:५) मला तोंडपाठ होते. त्याच अध्यायात पुढे काय घडते ते मात्र रात्री शास्त्र उघडल्यावर आठवले.

यरुशलेमेकडे निघालेल्या प्रभूला एका शोमरोनी गावाने स्वीकारले नाही. लूक कारणही देतो : तो यरुशलेमेस चालला होता. उपासना गरिज्जीम डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हा यहूदी व शोमरोनी यांच्यातला जुना वाद होता. म्हणजे त्या लोकांनी प्रभूचे शिक्षण ऐकून नाकारले असे नाही. पाहुणा कोणीकडचा, एवढेच पाहिले. आपल्यालाही पुष्कळदा असाच नकार मिळतो. हे आले म्हणजे आपला देव, आपली होळी, आपले सोयरे सुटणार, ही धास्ती मनात असते. ती समजून न घेताच आपण रागावतो.

याकोब आणि योहान यांना तर आकाशातून अग्नी पाडायचा होता. प्रभूने धमकावले ते गावाला नव्हे, शिष्यांना! मग ते दुसऱ्या गावी गेले.

लूक पुढच्याच अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला देतो. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये, फिलिप्पाच्या उपदेशाने शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारल्यावर, यरुशलेमेहून तिकडे कोणाला पाठवले? पेत्र आणि योहान यांना. तोच योहान! ज्यांच्यावर अग्नी मागितला त्यांच्याच लोकांवर तो हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतो, आणि परतताना दोघे शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगतात. त्यांत ते जुने गाव होते का, हे शास्त्र सांगत नाही. पण योहानाचे मागणे मान्य झाले असते, तर सुवार्ता सांगायला ते गाव उरलेच नसते.

मी आकाशातून अग्नी मागितला नव्हता, फक्त औषधे बंद करायला निघालो होतो. पण मन तेच. आमची औषधे जर 'हो' म्हणणाऱ्यांसाठीच असतील, तर ती सेवा कसली, तो सौदा झाला. (अजून त्या पाड्यावर कशाला जाता, असे विचारणाऱ्या वर्गणीदार बंधूंना माझे हेच उत्तर आहे.)

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो. बाबांनी पुन्हा खाट टाकली. नातवाच्या खरजेला मलम दिले, कसे लावायचे ते सुनेला दाखवले. निघताना मी विचारले, "प्रार्थना करू का, बाबा?"

"नको."

मी पिशवी उचलली. वाटेपर्यंत ते सोबत आले आणि म्हणाले, "मलम संपेल. कधी येणार?"

पावसाने वाट बंद होण्याअगोदर तिथे आणखी दोन फेऱ्या करायच्या आहेत.