उत्पन्न आटले, बिले तशीच

प्रश्न : नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील नोकरी सुटली. पत्नीच्या शिवणकामाची थोडी मिळकत आहे, पण ती महिन्याच्या निम्म्या खर्चालाही पुरत नाही. गृहकर्जाचा हप्ता, वीजबिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर, विमा आणि क्रेडिट कार्डाची बाकी यांपैकी आधी काय भरावे, कशाला मुदत मिळते आणि न भरल्यास कायद्याने काय होते?

उत्तर : थकलेल्या देण्यांचा क्रम बहुतेक घरांत तगाद्यावरून ठरतो. जो दिवसातून चार वेळा फोन करतो त्याचे आधी, जो गप्प बसतो त्याचे नंतर. कायद्याच्या हिशेबाने हा क्रम सहसा उलटा असतो. क्रेडिट कार्डाचा वसुली एजंट रोज फोन करतो, पण त्याच्या हाती कसलेही तारण नसते. गृहकर्जाची बँक पहिले काही आठवडे एसएमएस आणि पत्रांपुरतीच बोलते, पण घर तिच्याकडे गहाण असते. त्यामुळे प्रत्येक देण्यासमोर दोनच गोष्टी लिहून काढाव्यात : न भरल्यास काय जाते आणि ते किती दिवसांत जाते.

सर्वांत कमी मुदत विजेची. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस न देता वीज तोडणे बेकायदा ठरते. मात्र नोटीस मिळून १५ दिवस उलटल्यावर वीज तोडल्यास फारसे काही करता येत नाही. पैसे नाहीत म्हणून गप्प राहण्यापेक्षा याच १५ दिवसांत महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात हप्ते पाडून मिळण्यासाठी लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि जमेल तेवढी रक्कम त्याच दिवशी भरावी. बिलाची रक्कमच चुकीची वाटत असेल, तर वेगळी वाट आहे. मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. दाद आधी महावितरणकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे मागता येते. मंच आणि लोकपाल या दोघांचीही कार्यालये नागपुरात आहेत.

बिल तपासण्याची गरज २०२० मध्ये साऱ्या राज्याला कळली. २३ मार्चपासून मीटरचे वाचन थांबले, एप्रिल-मेची बिले सरासरीने गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनानुसार एकत्रित बिल आले. नागपुरात तर हे नेमके कूलर दिवसरात्र चालण्याचे महिने. बिल दुप्पट लावल्याचा आरोप झाला. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत नागपूरचेच. त्यांच्या काळात महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली आणि एकरकमी भरणाऱ्यांना २ टक्के सूट दिली, पण माफी मिळाली नाही. अशा एकत्रित बिलात पाहण्याची गोष्ट एकच : एकूण युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून मगच ०-१००, १०१-३०० असे टप्पे लावले आहेत का. सगळी युनिट एकाच महिन्याची धरली, तर बरीचशी वरच्या दराच्या टप्प्यात जातात. वीज तुटल्यावर खांबावर आकडा टाकणे हा मात्र कलम १३५ खालचा गुन्हा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गृहकर्जात घड्याळ ९० दिवसांचे असते. हप्ता थकल्यापासून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. या नोटिशीला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचलल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. हे न्यायाधिकरणही नागपुरात आहे. कागदावर ही मुदत बरीच दिसते, पण तिचा उपयोग पहिल्या ९० दिवसांतच करून घ्यायचा असतो. खाते अनुत्पादक झाल्यावर बँकेची भाषा बदलते.

बँकेकडे काय मागावे, यात अनेकांची चूक होते. शाखेतून सहसा मुदत वाढवण्याचा पर्याय पुढे केला जातो. २० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो. मुदत ३० वर्षे केली तरी तो १६,००० च्या थोडा वरच राहतो. कारण सुरुवातीच्या हप्त्यात १५,००० रुपये नुसते व्याज असते आणि मुदत वाढवून ते कमी होत नाही. म्हणजे आयुष्याची दहा वर्षे वाढवून महिन्याला दोन हजारही सुटत नाहीत. पगार पूर्ण बंद झालेल्या घराला याचा काय उपयोग? त्यापेक्षा नवी नोकरी लागेपर्यंत काही महिने हप्ता थांबवून मिळावा, किंवा तेवढा काळ केवळ व्याज घ्यावे, अशी मागणी करणे योग्य. थांबलेल्या काळातही व्याज चढतेच. वरच्या उदाहरणात तीन महिन्यांचे ४५,००० रुपये मुद्दलात मिळतात. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ते लांबवण्याची मुभा दिली, तेव्हाही व्याज माफ नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फक्त व्याजावरचे व्याज रद्द केले. ती मुभा सरसकट होती. आता अशी सवलत देणे बँकेच्या मर्जीवर आहे, म्हणून अर्जासोबत नोकरी गेल्याचे पत्र, शेवटच्या पगाराची पावती आणि नव्या नोकरीसाठी चाललेल्या प्रयत्नांचा पुरावा जोडावा.

अर्ज हप्त्याच्या तारखेपूर्वी जावा. खात्यात पैसे नसताना स्वयंचलित वसुलीचा आदेश परत गेला, तर दोन्हीकडचे दंड लागतात. शिवाय देयके व समायोजन प्रणाली कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार, चेक न वटल्याप्रमाणेच, मागणी नोटिशीनंतरही पैसे न भरल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्ता चुकल्याबद्दल बँक दंडात्मक शुल्क लावू शकते, पण रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार दंड व्याजदरात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही.

मालमत्ता कर आणि पाणीपट्टी ही गप्प बसणारी देणी. नागपूर महानगरपालिकेचा मालमत्ता कर थकल्यास महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाचे ते २४ टक्के, म्हणजे गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग. जप्तीपर्यंत गोष्ट जायला वेळ लागतो, म्हणून हा कर मागे ठेवता येतो. पण थोडे पैसे आले की अंशतः तरी भरावा, तेवढ्या रकमेवरची शास्ती थांबते. शास्तीमाफीच्या अभय योजना अधूनमधून येतात. त्यांच्या आशेवर कर थकवणे हा जुगार आहे. पाण्याचे बिल ऑरेंज सिटी वॉटरच्या झोन कार्यालयात अर्ज करून टप्प्याटप्प्याने भरण्याची परवानगी मागावी.

आरोग्य विमा बंद पडू देऊ नये. नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक विमा संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असल्यास लगेच विचारावे. स्वतःची पॉलिसी असेल तर हप्त्याला सवलतीची मुदत ३० दिवस, मासिक हप्ता असल्यास १५ दिवस असते. काहीच नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये तिचे कवच सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेले आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये केली.

क्रेडिट कार्डाची बाकी सर्वांत महाग आणि तरीही रांगेत शेवटची. वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याजाने ती झपाट्याने फुगते. ‘किमान देय’ भरत राहिल्याने दंड टळतो, बाकी फारशी हलत नाही. बाकीचे मासिक हप्त्यांत रूपांतर करून घ्यावे आणि कार्ड वापरणे थांबवावे. नुसती बाकी थकली म्हणून अटक होत नाही. दावा दिवाणी असतो, पतमानांकन मात्र घसरते. एजंटाने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा निर्देश आहे. त्रास झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

देण्यांइतकेच येण्याकडेही पाहायला हवे, आणि इथेच कामगार सर्वाधिक गमावतो. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. पाच वर्षे सेवा झाली असल्यास उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, ३० दिवसांत देय होते. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतरच ते मिळते. किमान एक वर्षाच्या सलग सेवेनंतर कामगार कपातीत काढला गेला, तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन मिळते. व्यवस्थापन म्हणूनच ‘राजीनामा लिहून द्या, हिशेब लवकर करू’ असे सुचवते. राजीनामा दिला की ही भरपाई जाते. सही करण्यापूर्वी कामगार संघटनेकडे किंवा नागपूरच्या कामगार आयुक्तालयात विचारणा करावी.

भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढण्याचे नियम बदलत आहेत. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी २५ टक्के रक्कम खात्यात राखण्याचा आणि बेरोजगारीत पूर्ण रक्कम काढण्याची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून १२ महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे हाताशी येणारी रक्कम तीन-चतुर्थांश धरूनच हिशेब मांडावा. निवृत्तीची पुंजी कार्डाच्या बाकीत घालण्याचा मोह टाळावा. गृहकर्जाचे दोन-तीन हप्ते आणि शाळेची फी यांसाठी ती वापरणे समजू शकते. नागपूरला अशा निधीची कल्पना जुनीच. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता.

कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्गणी भरलेल्या कामगाराला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के मदत ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा मिळू शकते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखा कार्यालयात आधी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : अकरा महिन्यांच्या करारावरील भाड्याच्या घराचे दोन महिन्यांचे भाडे थकले. घरमालक कुलूप लावण्याची आणि वीज-पाणी तोडण्याची धमकी देतो. हे त्याला करता येते का?

उत्तर : कुलूप लावता येत नाही, ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा लागतो. पुढचे उत्तर कागद काय आहे यावर अवलंबून आहे. भाडेकरू असल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १५ लागू होते : मागणीची लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस थकबाकीसाठी दावा करता येत नाही आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज व खर्च भरल्यास घर वाचते. कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवा बंद करता येत नाहीत. पण अकरा महिन्यांचा करार बहुधा अनुज्ञप्तीचा, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा असतो. तिथे हे संरक्षण मिळत नाही, आणि मुदत संपूनही घर न सोडल्यास कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून मुदत संपायच्या आतच अनामत रकमेतून भाडे वळते करण्याबद्दल लेखी बोलणी करावीत, किंवा स्वस्त घर पाहावे. कराराची नोंदणी करणे ही कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे. ती केली नसेल तर बोलणी करताना हा मुद्दा जरूर काढावा.

प्रश्न : घर चालवण्यासाठी ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे घ्यावेत का?

उत्तर : महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, क्रेडिट कार्डाहूनही महाग. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ खाली शेतकरी नसलेल्या कर्जदाराला परवानाधारक सावकार तारणी कर्जावर १५ आणि विनातारण कर्जावर १८ टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज लावू शकत नाही. विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गरजच असेल तर बँकेत सोने तारण ठेवणे किंवा बचत गटाकडून कर्ज घेणे परवडते. मोबाइल ॲपवरून घ्यायचे झाल्यास त्यामागील बँक किंवा वित्तसंस्थेचे नाव तपासावे; फोनमधील संपर्क यादी मागणारे ॲप टाळावे. कर्ज आधीच घेतले असेल आणि धमक्या येत असतील, तर तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे व पोलिसांत द्यावी. कोरे चेक किंवा सही केलेले कोरे मुद्रांक दिले असतील तर त्यांचे क्रमांक तक्रारीत लिहावेत. वकिलाची फी परवडत नसल्यास नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्य मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक १५१००.