मेंदूकडे जाणारी वाट ईएनटीसीतूनही जाते

‘मला मेंदूवर संशोधन करायचंय’ असं मुलीनं जाहीर केलं की घरात पहिलं वाक्य येतं, ‘मग नीट दे, न्यूरॉलॉजिस्ट हो.’ तिला डॉक्टर व्हायचं नसेल, सर्किटमध्येच रस असेल, तर दुसरं वाक्य तयार असतं, ‘मग कॉम्प्युटरला घे, प्लेसमेंट तरी होईल.’ दोन्हीमागची काळजी खरी आहे, माहिती मात्र अर्धी आहे. मेंदूविज्ञानातली काही मोठी कामं ज्यांनी केली, त्यांच्या हातात स्टेथोस्कोपपेक्षा अँप्लिफायर जास्त वेळ असायचा.

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांचंच बघा. स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुलीच्या जातीतल्या प्राण्याच्या अंगात एक चेतातंतू चांगला अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात तार घालून त्यांनी त्याच्या पडद्यावरचा व्होल्टेज एका जागी रोखून धरला आणि किती करंट वाहतो ते मोजलं. 1952 साली त्यांनी जे मांडलं ते चक्क एक सर्किट होतं: पडदा म्हणजे कपॅसिटर, आयनांच्या वाटा म्हणजे बदलते रेझिस्टर, आतल्या-बाहेरच्या आयनांमधला फरक म्हणजे बॅटरी. हॉजकिन युद्धकाळात रडारवर काम करून आले होते. हक्सलींनी ती समीकरणं हातानं फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. 1963 साली नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं.

उलट दिशेनंही उदाहरण आहे. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ‘श्मिट ट्रिगर’ जोडला नाही असा ईएनटीसीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचा, विद्यार्थी सापडणं कठीण. ते सर्किट ऑटो श्मिट या अमेरिकी तरुणाला 1930च्या दशकात सुचलं, ते चेतातंतूंमधल्या संदेशांचा अभ्यास करताना. पुढे एर्विन नेहेर या भौतिकशास्त्रज्ञानं बर्ट साकमान यांच्यासोबत 1976 साली पेशीच्या एकेका आयन-वाहिनीतला करंट मोजून दाखवला. तो पिकोअँपिअरमध्ये असतो, आणि एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. त्यांना 1991 साली नोबेल मिळालं.

या सगळ्यांचा धंदा एकच: नकोशा गोंगाटातून हवा तो बारीक सिग्नल वेगळा काढणे. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेला ईईजी मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, आणि भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची भुणभुण त्याला सहज गिळून टाकते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश लांबच्या आकाशगंगांमधून येणारे रेडिओ संकेत टिपतात, तिथे हाच छळ मोबाइल आणि इतर प्रक्षेपणांचा होतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिथे चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी फरक मोजायचा आहे. फिल्टर, फीडबॅक, शील्डिंग, फूरिए ट्रान्सफॉर्म हे सामान तिन्ही ठिकाणी तेच. म्हणून शाखेच्या नावावर घरात रात्र रात्र वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

खरा धोका अकरावीत असतो. बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेताना बहुतेक मुलं जीवशास्त्र सोडतात. ते चालतं. जीवशास्त्र पुढे वाचून, लॅबमध्ये वावरून अंगवळणी पडतं. गणित सोडलं तर मात्र या क्षेत्रात परत येणं फार जड जातं, कारण विशीनंतर कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा नव्यानं पक्कं करणारे थोडेच. ‘बायोला गणित कशाला’ हा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

वाटा अनेक आहेत. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे प्रश्न येतात, आणि सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये विद्यार्थी सगळी विज्ञानं शिकतात. आयआयटी मिळाली नाही म्हणून खचायचं कारण नाही. साध्या कॉलेजातून ईएनटीसी, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा बीएस्सी फिजिक्स केलेल्यांनाही गेट, नेट किंवा जॅममधून पुढे जाता येतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं न्यूरोसायन्स केंद्र आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र पीएचडीसाठी इंजिनिअरांचेही अर्ज घेतात. आयआयटी मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं एमटेक आहे.

आता पैशाचं. 2023 पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, वरिष्ठ झाल्यावर 42,000, शिवाय घरभाडं. याच्यावर घर चालतं, फ्लॅटचे हप्ते फेडता येत नाहीत. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, आणि त्याच वयात मित्र कंपनीत दुसऱ्यांदा प्रमोशन घेत असतात. हे घरात आधीच मोकळेपणानं बोलून घ्यावं, विशेषतः कर्ज काढून शिकवलं असेल तर. पुढे प्राध्यापकाच्या जागाही मोजक्याच निघतात. पण अ‍ॅनालॉग डिझाइन आणि सिग्नल प्रोसेसिंग मनापासून शिकलेला माणूस चिप डिझाइन, वैद्यकीय उपकरणं किंवा रडारच्या कामात खपतो. नुसतं पाठ्यपुस्तक पाठ केलेल्याबद्दल मी ही खात्री देत नाही.

म्हणून पोराचा कल तपासायला अ‍ॅप्टिट्यूड टेस्टपेक्षा पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं हजारभर रुपयांचं सामान बरं. दंडाच्या स्नायूचा सिग्नल टिपणारं बॅटरीवरचं सर्किट ब्रेडबोर्डवर जोडायला सांगा. पहिल्यांदा नुसता गोंगाट दिसेल. तो कुठून येतो हे शोधत जो रात्री जेवायला उठत नाही, त्याच्याकडे लक्ष द्या. जो दुसऱ्या दिवशी सामान माळ्यावर टाकतो, त्याच्यावर ही वाट लादू नका. कॉलेजात गेल्यावर होमी भाभा केंद्राचा एनआययूएस उपक्रम, टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप यांना अर्ज करावेत. खोडदला 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथे शाळकरी मुलांनाही नेता येतं.

पीएचडीची जागा निवडताना संस्थेच्या नावाआधी लॅब बघा. तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला गाठून विचारा, उपकरण बिघडलं की उघडतं कोण? ‘कंपनीचा माणूस येतो’ असं उत्तर आलं, तर सर्किटवेड्या मुलीनं दुसरी लॅब शोधावी.